बंदरातले आठ तास: पहिल्या क्रूझची आखणी आणि स्वतःचं स्वतः फिरणं

क्रूझच्या वेळापत्रकात ‘रोम’ लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं चिवितावेक्किया नावाच्या बंदराला. तिथून रोम 70-80 किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, साधारण 200 किलोमीटर. ‘फ्लोरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे, ‘बँकॉक’ म्हणजे बहुतेक वेळा लाएम चाबांग. हे आधी कळलं नाही तर पहिल्या क्रूझमधला एखादा अख्खा दिवस बसच्या खिडकीतून हायवे बघण्यात जातो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ही सहल कशी आखावी, ते बुकिंगपासून शेवटच्या सकाळपर्यंत ओळीने सांगते. भर मात्र बंदरांवर देणार आहे, कारण जहाजावर तुमची काळजी घ्यायला शेकडो माणसं असतात. धक्क्यावर उतरलात की तुमचं घड्याळ आणि तुम्ही.

आधी मार्ग, मग जहाज

नवी माणसं जहाजावरचे तलाव, घसरगुंड्या, नाट्यगृह यांचे फोटो बघून बुकिंग करतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी बंदरांची यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढचे तास मोजा. सकाळी 7 ते संध्याकाळी 7 आणि दुपारी 12 ते 5 यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण जाहिरातीत दोन्ही ‘एक बंदर’ म्हणूनच मोजले जातात. सिॲटलहून निघणाऱ्या अलास्का क्रूझ कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, बऱ्याचदा संध्याकाळी आणि थोडेच तास. त्याचं मूळ 1886च्या एका अमेरिकी कायद्यात आहे. परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरातून निघून, मधे परदेशी बंदर न घेता परत अमेरिकेतच प्रवासी उतरवता येत नाहीत. त्यामुळे तो थांबा यादीत दिसतो खरा, पण त्याच्या भरवशावर शहर बघायचे बेत करू नयेत.

जहाज 20 नॉट वेगाने गेलं तर ते ताशी साधारण 37 किलोमीटर होतात. म्हणजे रात्रभरात जेमतेम 350-400 किलोमीटर. बंदरं इतकी जवळजवळ का येतात आणि मधेच एखादा अख्खा दिवस समुद्रात का जातो, ते या आकड्यावरून लक्षात येतं. सात रात्रींत सहा बंदरं हा सौदा फायद्याचा वाटतो, पण रोज सकाळी सहाला उठून दिवसभर चालल्यावर पाचव्या दिवशी पाय बोलू लागतात. पहिल्या खेपेला मधे निदान एक समुद्रातला दिवस असलेला मार्ग घ्या. एखाद्या बंदरात जहाज रात्रभर मुक्कामाला असेल, तर दोन मार्गांतून निवडताना मी डोळे झाकून तोच घेईन. संध्याकाळचं शहर क्रूझच्या प्रवाशाला फार क्वचित मिळतं.

हंगामाचं थोडक्यात. भूमध्य समुद्रात एप्रिल ते ऑक्टोबर गजबज, त्यातही जुलै-ऑगस्टचं ऊन कडक. अलास्का आणि नॉर्वेचे फ्योर्ड, म्हणजे उंच कड्यांमधल्या चिंचोळ्या खाड्या, मे ते सप्टेंबर. कॅरिबियनमध्ये 1 जून ते 30 नोव्हेंबर हा अधिकृत वादळी हंगाम. त्या काळात दर उतरलेले असतात, पण मार्ग ऐनवेळी बदलू शकतो हे धरून चालायचं.

केबिन

डेकचा नकाशा उघडा आणि तुमच्या केबिनच्या वर-खाली काय आहे ते बघा. नाट्यगृहाच्या वर किंवा तलावाच्या डेकखाली झोपमोड ठरलेली. खालच्या डेकवर जहाजाच्या मध्याजवळ हेलकावे सर्वांत कमी जाणवतात, तेव्हा ज्यांना गाडी लागते त्यांनी तीच जागा मागावी. जहाजाच्या पुढच्या टोकाकडची केबिन स्वस्तात मिळाली तर एवढंच लक्षात ठेवा की जहाज नांगर टाकतं तेव्हा पहाटे साखळीचा खडखडाट अगदी उशाशी होतो. बाल्कनी हवी का, हे मार्गावर ठरवा. फ्योर्ड किंवा हिमनद्या बघायच्या असतील तर ती वसूल होते. रोज बंदर असेल तर केबिनमध्ये तुम्ही झोपण्यापुरतेच असता, तिथे बिनखिडकीची आतली केबिनही चालते.

कागदपत्रं

पासपोर्ट प्रवास संपल्यानंतर निदान सहा महिने वैध असावा, कारण बरेच देश आणि कंपन्या तसं मागतात. व्हिसा मार्गातल्या प्रत्येक देशासाठी वेगळा तपासायचा, जहाजावरून उतरणार नसलात तरीही. सगळ्यात जास्त चूक होते ती फेरप्रवेशात. इटलीहून निघालेलं जहाज तुर्कीला जाऊन ग्रीसला आलं, तर तुम्ही शेंगेन क्षेत्रातून, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून, बाहेर पडून पुन्हा आत आलात. एकदाच प्रवेशाचा व्हिसा तिथे संपलेला असतो. ज्यांना शेंगेन व्हिसा लागतो त्यांनी अशा मार्गाला अनेक प्रवेशांचाच घ्यावा.

विमा घेताना त्यात वैद्यकीय कारणाने जहाजावरून हलवण्याचा खर्च आहे का, ते शब्दशः वाचा. जहाजावरच्या दवाखान्यात प्राथमिक उपचार चांगले होतात, पण मोठ्या आजारात माणसाला किनाऱ्यावर न्यावं लागतं आणि तो खर्च प्रचंड असतो.

आणि विमानाने जाणार असाल तर जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच त्या शहरात पोचा. विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही.

चढण्याचा दिवस

मोठ्या बॅगा धक्क्यावर हमालांच्या ताब्यात जातात आणि केबिनच्या दाराशी कधीकधी थेट संध्याकाळी पोचतात. औषधं, पासपोर्ट, चार्जर, एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री आणि सर्ज प्रोटेक्टर असलेले एक्स्टेन्शन बोर्ड आगीच्या धोक्यामुळे जहाजावर जप्त होतात, तेव्हा ते आणूच नका.

सुरक्षेची कवायत, म्हणजे मस्टर ड्रिल, मन लावून करा. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ खडकावर आदळली आणि 32 माणसं गेली. त्या दिवशी नुकत्याच चढलेल्या काही प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाने ती 24 तासांत केली तरी चालत असे. 1 जानेवारी 2015 पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, हा इशारा लहान मुलांनाही पाठ करून द्या आणि आपल्या मस्टर स्टेशनपर्यंत, म्हणजे संकटात जमायच्या जागेपर्यंत, एकदा जिन्याने चालत जा.

हात साबण-पाण्यानेच धुवा. जहाजांवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. बोट लागण्याची भीती असेल तर गोळीबद्दल निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उशिराची असते. उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे बघत राहिलं की बऱ्याच जणांना उतार पडतो.

प्रत्येक बंदरासाठी एक कागद

निघण्याच्या महिनाभर आधी मी प्रत्येक बंदराचा वेगळा कागद करते आणि त्यावर चार गोष्टी लिहिते. जहाज नेमकं कुठे लागणार, धक्क्याला लागणार की समुद्रात उभं राहणार, बंदराच्या फाटकाबाहेर कसं पडायचं, आणि त्या वारी काय बंद आहे.

पहिली गोष्ट दिसते त्यापेक्षा किचकट आहे. एकाच शहरात दोन-तीन टर्मिनल असतात. सिडनीत सर्क्युलर कीला लागलात तर ऑपेरा हाउस समोर आणि रेल्वे स्टेशन दोन पावलांवर. व्हाइट बेला लागलात तर तुम्ही हार्बर ब्रिजच्या पलीकडे असता आणि जवळ रेल्वे नसते. उंच जहाजं पुलाखालून जाऊच शकत नाहीत, म्हणून जहाजाच्या उंचीवरूनही अंदाज बांधता येतो. बंदर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कोणतं जहाज कोणत्या धक्क्याला, हे बहुधा दिलेलं असतं. त्याच पानावर त्या दिवशी आणखी किती जहाजं येणार तेही दिसतं. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकने 2019 मध्ये क्रूझ कंपन्यांशी करार करून एका वेळी दोनच जहाजं असं ठरवलं, ते उगीच नाही. तीन-चार जहाजांची माणसं एकदम उतरली की जुन्या शहराच्या दगडी गल्ल्यांत पाय ठेवायला जागा उरत नाही.

काही बंदरं एकट्याने फिरणाऱ्यांसाठी केवळ सुखाची आहेत. माँटेनेग्रोतल्या कोटोरला जहाजाच्या शिडीवरून उतरलात की समोर जुन्या शहराची तटबंदी. इस्तंबूलला गालातापोर्टमधून बाहेर आलात की टी1 ट्राम थेट जुन्या शहरातल्या सुलतानअहमेतला नेते. पिरेअस या अथेन्सच्या बंदरातून शहरात मेट्रो जाते, आणि 2022 पासून तिथे हिरव्यासोबत निळी मार्गिकाही आली आहे. नेपल्सला तर जहाज शहराच्या मधोमध लागतं आणि चिर्कुम्वेसुवियाना रेल्वेने पोंपेईचे अवशेष पाऊण तासाच्या आत. अशा ठिकाणी जहाजाची सहल विकत घ्यायची गरज मला कधीच वाटली नाही.

वार्नेम्युंडेहून बर्लिनला जायला एका बाजूने तीनेक तास लागतात. इतक्या लांब स्वतः जायचा हट्ट धरू नका. वार्नेम्युंडेहून लोकल ट्रेनने रोस्टॉक वीसेक मिनिटांवर आहे आणि एक निवांत दिवस देण्याच्या लायकीचं आहे. ल हाव्रला उतरलात तर पॅरिसऐवजी जवळच्या ऑन्फ्लर गावाला किंवा एत्रेताच्या समुद्रकड्यांकडे जा. ‘आलोच आहोत तर पॅरिस बघू’ म्हणून गेलेली माणसं आयफेल टॉवरखाली अर्धा तास उभं राहून परत येतात.

बंदचे वार डोळ्यांत तेल घालून तपासा. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद, फ्लोरेन्सचं उफित्सी सोमवारी, पॅरिसचं लूव्र आणि इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा मंगळवारी. अथेन्सच्या अक्रोपोलिसला वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं. ती वेळ निवडताना जहाज धक्क्याला लागण्याची वेळ धरू नका, तुम्ही प्रत्यक्ष बाहेर पडाल ती धरा. जहाज लागल्यावर परवानग्या मिळून शिडी उघडेपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जातो.

उलटं गणित

पूर्ण सहलीत एवढी एकच गोष्ट नीट जमली तरी तुम्ही सुखरूप फिराल. दिवसाची आखणी सकाळपासून करायची नाही. जहाज सुटण्याच्या वेळेपासून मागे मागे यायचं.

चिवितावेक्कियाचं उदाहरण घेऊ. जहाज संध्याकाळी 7ला सुटणार. सर्वांनी जहाजावर असण्याची वेळ, म्हणजे ‘ऑल अबोर्ड’, बहुधा अर्धा तास आधी, 6:30. मी स्वतःसाठी 5 लिहिते. स्टेशनवरून चालत बंदराच्या बसपर्यंत आणि बसने जहाजापर्यंत 40 मिनिटं धरली, तर चिवितावेक्किया स्टेशनवर 4:20ला उतरायला हवं. ट्रेनचा एक तास धरला तर रोमच्या सान पिएत्रो स्टेशनवरून 3:20ची गाडी. आता सकाळ. जहाज 7ला लागलं, पावणेआठला उतरलो, साडेआठला गाडी, साडेनऊला रोम. बारा तासांच्या मुक्कामातले हातात उरले जेमतेम पावणेसहा. एवढ्यात सेंट पीटर्स, पँथेऑन आणि मधल्या गल्ल्या निवांत होतात. त्यात कोलोसियम आणि व्हॅटिकनची संग्रहालयं कोंबली की धावपळ सुरू.

5 आणि 6:30 मधलं ते दीड तासाचं राखीव जास्त वाटत असेल तर रोमहून परततानाच्या एका दुपारचं सांगते. सान पिएत्रोच्या फलाटावर आम्ही उभे होतो आणि फलकावर आमच्या गाडीपुढे आधी 10 मिनिटं उशीर आला, मग 25. शेजारी एक वयस्क जोडपं होतं, आमच्याच जहाजाचं. बाईंच्या हातात वेळापत्रकाचा कागद होता. त्या तो उलगडायच्या, एका ओळीवर बोट ठेवायच्या, पुन्हा घडी करायच्या. त्यांचे यजमान फलकावरून नजर काढत नव्हते. बोलता बोलता कळलं की त्यांनी हीच गाडी शेवटची म्हणून धरली होती आणि स्टेशनवरून चालण्याचा वेळ धरलाच नव्हता. मग गाडीतून उतरल्यावर त्यांना सोबत घेऊन आम्ही बंदराची बस गाठली. शिडीपाशी पोचलो तेव्हा त्या बाई किती तरी वेळ माझा हात धरून उभ्या होत्या. आम्हा सगळ्यांना वाचवलं ते फक्त त्या राखीव वेळेने.

माझा हिशेब असा असतो. पायी फिरायच्या शहरात ऑल अबोर्डच्या एक तास आधी परत. रेल्वे किंवा बस लागत असेल तर दीड ते दोन तास आधी, आणि ठरवलेल्या गाडीच्या मागे निदान एक गाडी शिल्लक असली पाहिजे. इटलीत जात असाल तर संपाच्या तारखा आधी बघा, त्या सहसा जाहीर झालेल्या असतात. संपातही कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 ठरावीक प्रादेशिक गाड्या धावतात, पण तुमची परतीची वेळ नेमकी त्या दोन्हींच्या मधे येते.

घड्याळाचं आणखी एक. काही जहाजं मार्गभर एकच वेळ पाळतात आणि तुमचा फोन मात्र किनाऱ्याची वेळ आपोआप घेतो. मेक्सिकोच्या कोसुमेलला घड्याळ वर्षभर बदलत नाही. उन्हाळ्यात फ्लोरिडाहून आलेलं जहाज आपलीच वेळ पाळत असेल तर फोनवर 3 वाजलेले असताना जहाजावर 4 झालेले असतात. म्हणून हाताला साधं घड्याळ बांधा, ते जहाजाच्या वेळेला लावा आणि दिवसभर त्याला हात लावू नका.

टेंडरची बंदरं

काही ठिकाणी जहाज समुद्रातच उभं राहतं आणि छोट्या टेंडर बोटींनी माणसं किनाऱ्यावर नेली जातात. सकाळी क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात, जहाजाच्या सहलीवाले आधी जातात. स्वतः फिरणाऱ्यांनी तास-सव्वा तास हातचा राखावा. समुद्र खवळला तर टेंडर रद्द होतात आणि ते बंदरच सुटतं. हा निर्णय कप्तानाचा असतो आणि करारात तो हक्क त्याला दिलेला असतो.

ग्रीसचं सांतोरिनी बेट हे याचं ठळक उदाहरण. टेंडर जुन्या बंदरात सोडते आणि फिरा गाव कड्यावर. वर जायला केबल कार, नाहीतर जवळपास 600 पायऱ्या. सकाळी रांग खाली लागते, दुपारी तीच रांग वर लागते आणि तासाच्या वर जाऊ शकते. पायऱ्यांनी उतरायचं ठरवलंत तर बूट चांगल्या पकडीचे हवेत. दगड घासून गुळगुळीत झालेत, आणि खेचरं त्याच वाटेने ये-जा करत असल्याने पायाखाली शेण असतं.

उतरल्यावर

आधी फोनच्या नकाशात जहाजाच्या शिडीच्या जागी खूण करा. नकाशा आदल्या रात्रीच उतरवून ठेवलेला असावा. जहाजावर असताना फोन विमान मोडवर ठेवा, कारण भर समुद्रात तो जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल घरी गेल्यावर कळतं.

एका कागदावर जहाजाचं नाव, धक्क्याचं नाव, ऑल अबोर्डची वेळ आणि बंदर एजंटचा, म्हणजे क्रूझ कंपनीच्या त्या बंदरातल्या प्रतिनिधीचा, फोन नंबर लिहून खिशात ठेवा. हा नंबर जहाजाच्या रोजच्या पत्रकात छापलेला असतो. फोन बंद पडला तरी तो कागद टॅक्सीवाल्याला दाखवता येतो.

फाटकाशी टॅक्सीवाल्यांचा गराडा पडतो. घाबरायचं कारण नाही, पण तिथेच ठरवूही नका. दोन-तीनशे मीटर पुढे चालत गेलं की बसथांबा सापडतो आणि डोकंही शांत होतं. टॅक्सी घेतलीच तर भाडं कोणत्या चलनात, गाडीचं की माणशी, जायचं की जाऊन-येऊन, हे बसण्याआधी विचारा. इटलीत प्रादेशिक गाडीचं छापील तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. न मारलेलं तिकीट तपासनीस तिकीट मानत नाही.

सगळ्यात लांबचं ठिकाण सगळ्यात आधी. तिथून जहाजाच्या दिशेने सरकत यायचं, म्हणजे दुपारी काही बिघडलंच तर तुम्ही आधीच जवळ आलेले असता. दुब्रोव्हनिकला ग्रूझ बंदरातून बसने जुन्या शहरात गेलात तर तटबंदीवर सकाळी दार उघडताच चढा. बसगाड्या भरून माणसं येऊ लागतात तोवर तुमची फेरी होत आलेली असते.

जहाज सुटलंच तर

जहाजाची स्वतःची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरात पोचवते. स्वतः फिरणाऱ्याला पुढचं बंदर स्वखर्चाने गाठावं लागतं. म्हणूनच ठिकाण लांब आणि रस्ता एकच असेल, तर जहाजाच्या सहलीचे पैसे मी आनंदाने देते. वेळ आलीच तर लगेच एजंटला फोन करा. काही वेळा जहाजावरचे कर्मचारी केबिनच्या तिजोरीतला पासपोर्ट काढून एजंटकडे ठेवून जातात. पासपोर्टची रंगीत प्रत आणि एक कार्ड नेहमी अंगावर ठेवा, आणि औषधं नियमाने घेत असाल तर एका दिवसाचा डोसही.

शेवटची सकाळ

आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या थेट धक्क्यावर मिळतात. दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे आणि चपला बॅगेत गेलेल्या नाहीत ना, हे दार लावण्याआधी एकदा बघा. जहाजावरच्या खर्चाचं बिल रात्रीच तपासा, सकाळी त्याच्या खिडकीशी लांब रांग असते. ज्यांना स्वतःचं सामान स्वतः उचलता येतं त्यांना सर्वांत आधी उतरू देतात. परतीचं विमान दुपारनंतरचं घ्या. आणि बंदर विमानतळापासून लांब असेल, चिवितावेक्कियासारखं, तर आणखी उशिराचं.